लखी रुपया : घासण्याआधी आणि विकण्याआधी

वाचकाचे पत्र

माझ्या सासऱ्यांचे मिरजेत किराणा मालाचे दुकान होते. गल्ल्यात आलेला एक रुपया त्यांनी ‘हा लखी आहे’ असे म्हणून बाजूला काढला आणि देवघरात ठेवला. त्याच्या एका बाजूला नेहमीसारखा १ चा आकडा, धान्याची कणसे आणि १९८९ हे साल आहे. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण दिसते. दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा नाहीच. तिथे तेच कणसांचे चित्र उलटे आणि खोल उमटले आहे. दर लक्ष्मीपूजनाला या नाण्याला पंचामृताचे स्नान आणि हळदकुंकू होत आले, त्यामुळे अक्षरांच्या खोबणींत कुंकू घट्ट बसले आहे. सासरे आता नाहीत. जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे, म्हणून नाणे विकावे असे दोन्ही दिरांच्या संमतीने ठरले आहे. एका व्हिडिओत अशा नाण्याची किंमत ५ लाख रुपये सांगितली होती. भाचा म्हणतो, पितांबरीने चकचकीत करून फोटो टाकू. फोनवर भेटलेल्या एका गृहस्थांनी रिझर्व्ह बँकेमार्फत विक्री करून देतो असे सांगून २,१०० रुपये नोंदणी शुल्क मागितले आहे. शेजारी तर म्हणतात, असे सदोष सरकारी नाणे घरात ठेवणे हाच गुन्हा आहे. नाण्याची खरी किंमत किती, ते साफ करावे का, आणि विकावे कुठे?

— एक वाचक, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन गोष्टी थांबण्यासारख्या नाहीत, म्हणून त्या आधी सांगतो. नाणे पितांबरीने किंवा आणखी कशानेही घासू नका, आणि फोनवरच्या गृहस्थांना एक पैसाही पाठवू नका. भारतीय रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यानोटांच्या अशा खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा दलालीही मागत नाही. आपले नाव वापरून लोकांकडून पैसे उकळले जात असल्याचा जाहीर इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. हा प्रकार ठरावीक पायऱ्यांनी चढत जातो. आधी नोंदणी, मग जीएसटी, मग कुरिअरचा विमा, आणि प्रत्येक वेळी ‘एवढे भरले की पूर्ण रक्कम खात्यात येईल’ असे आश्वासन मिळते. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. त्याचबरोबर, यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शेजाऱ्यांच्या शंकेचे उत्तर सोपे आहे : चलनातून हाती आलेले सदोष नाणे जवळ ठेवणे हा गुन्हा नाही, आणि अशी नाणी खुल्या लिलावांत नावानिशी छापील यादीत येतात व विकली जातात. नाणेविषयक २०११ च्या कायद्याने मनाई आहे ती प्रामुख्याने नाणी वितळवण्याला आणि नष्ट करण्याला.

आता नाण्याकडे वळू. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, दाब बसतो आणि दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात. क्वचित असे होते की तयार झालेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते. पुढची चकती येते तेव्हा तिच्या एका अंगाला मोकळा ठसा असतो आणि दुसऱ्या अंगाला ठशाऐवजी हे अडकलेले नाणे असते. मोकळ्या ठशाने नेहमीसारखे उठावदार चित्र उमटते. अडकलेल्या नाण्याची जी बाजू बाहेर उघडी राहिलेली असते, तीही त्याच ठशाने घडलेली असल्यामुळे तेच चित्र नव्या चकतीच्या दुसऱ्या बाजूवर उलटे आणि खोलगट बसते. परदेशी ग्रंथांत याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्या बाजारात लखी. लाखात एक निघते म्हणून लखी, असे दुकानदार सांगतात. ही गणती कोणी केली असेल असे वाटत नाही, आणि किंमत ठरवताना तिचा काही उपयोगही नाही.

उपयोग आहे तो दुसऱ्या एका गोष्टीचा. अडकलेले नाणे पहिल्याच आघातात जे चित्र देते ते रेखीव असते. तेच नाणे तसेच अडकून राहिले आणि त्यावर आणखी चकत्या आपटत गेल्या, तर ते चेपते व पसरते, आणि नंतरच्या चकत्यांवरचे उलटे चित्र फुगलेले, अस्पष्ट व कडेला सरकलेले येते. म्हणून एकाच वर्षाच्या दोन लखी रुपयांच्या किमतीत मोठा फरक पडू शकतो. तुमच्या नाण्यावरचे उलटे चित्र पूर्ण आहे का, ते मध्यावर आहे का, आणि उलटी ‘रुपया’ ही अक्षरे आरशात धरल्यावर स्वच्छ वाचता येतात का, हे भिंगातून पाहा. एक बाब तुमच्या बाजूची आहे. सिंहमुद्रा दोन्हीकडे उमटलेली लखी नाणी निघतात, पण त्यांच्यावर साल राहत नाही, कारण या रुपयाचे साल कणसांच्या बाजूला असते. तुमच्या नाण्यावर साल आहे आणि त्याखालची हिऱ्याची खूणही आहे, जी मुंबई टांकसाळीची आहे (हैदराबादची खूण तारा, नोएडाची गोल ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते). साल आणि टांकसाळ वाचता येणारे नाणे संग्राहकाला अधिक हवे असते.

मात्र हे सगळे नाणे अस्सल असेल तरच लागू होते, कारण लखीची नक्कल करणे कठीण नाही. दोन साधे रुपये एकमेकांवर ठेवून लोहारकामाच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळले किंवा हातोड्याने ठोकले की एकाचे चित्र दुसऱ्यावर उलटे दबते. अशा नकलेत मूळ चित्र पूर्णपणे पुसले जात नाही. खोल अक्षरांच्या मधून सिंहांच्या आयाळीची किंवा ‘भारत’ या अक्षरांची चपटी झालेली खूण डोकावते, मागची बाजू सपाट होते, कडा बाहेर फुगते आणि व्यास किंचित वाढतो. खऱ्या लखीत सिंहमुद्रा कधी उमटलेलीच नसते, त्यामुळे तिचा मागमूसही सापडत नाही, आणि उठावदार बाजू साध्या नाण्याइतकीच ठसठशीत असते. १९८९ चा रुपया तांबे-निकेलचा, ६ ग्रॅम वजनाचा आणि २६ मिलिमीटर व्यासाचा आहे. ओळखीच्या सराफाकडे शंभरांश ग्रॅमपर्यंतचा काटा असतो; तिथे वजन करून घ्या, आणि शेजारी त्याच काळातला एक साधा रुपया ठेवून दोघांची जाडी व कडा ताडून पाहा. वापराने झिजलेल्या नाण्याचे वजन थोडे कमी भरले तर घाबरायचे कारण नाही. लोहचुंबकही लावून पाहा : १९९२ पासूनचा पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो, १९८९ चा तांबे-निकेलचा चिकटता कामा नये.

सफाईच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांत नाण्याचे नुकसान होते ते इथेच. ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा तयार होतात, आणि नव्या नाण्याची जी जिवंत झळाळी असते ती या रेषांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. भांडी घासायच्या पावडरीने, रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासल्यावर नाणे चमकते खरे, पण या रेषा सपाट होऊन त्यांच्या जागी ओरखड्यांचे जाळे येते. दिव्याखाली नाणे तिरपे करून फिरवले की जाणकाराला ते क्षणात दिसते. चिंच आणि लिंबाचा रस धातूची वरची कातच काढतो. तांबे-निकेलचे नाणे त्यानंतर मळकट गुलाबी किंवा निर्जीव राखाडी दिसू लागते आणि तो रंग परत फिरवता येत नाही. दर्जा ठरवून नाणे सीलबंद डबीत बसवून देणाऱ्या एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था घासलेल्या नाण्याला १ ते ७० या मापनावरचा आकडा नाकारून त्यावर ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. आपल्याकडचे व्यापारी शेरा लिहीत नाहीत, पण भाव मात्र त्याच हिशेबाने पाडतात. तुमच्या भाच्याचा हेतू चांगला आहे. त्याला फोटो काढायचे काम द्या, घासायचे नको.

तरीही तुमच्या नाण्यावरचा थर हा काळाने आलेला रंग नव्हे. ते कुंकू, हळद, निरांजनातल्या तुपाचा ओशटपणा आणि पंचामृताचे वाळलेले कण यांचे मिश्रण आहे, आणि दह्यादुधातले आम्ल व मधातली साखर ओल धरून ठेवतात म्हणून ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसेच ठेवणेही बरे नाही. ते न घासता सैल करता येते. काचेच्या छोट्या वाटीत तळाला मऊ सुती कापड घाला, बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी ओता (न उघडलेल्या बाटलीतले, नळाचे नको, त्यात क्लोरीन असते) आणि नाणे कडेने धरून त्यात सोडा. काही तासांनी पाणी बदला. साखर, दूध आणि बराचसा मळ यातच सुटतो. पाणी रंगायचे थांबले की नाणे बाहेर काढून मऊ कापडावर ठेवा, वरून कापड टेकवून पाणी टिपा, पुसू नका. तुपाचा थर पाण्याने जाणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, कारण त्यात रंग, सुगंध आणि तेल मिसळलेले असते. काचेच्याच वाटीत ॲसिटोन घेऊन नाणे काही मिनिटे बुडवा, एकदा वाटी हलकेच हेलकावा, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवून हवेत सुकू द्या. ॲसिटोन धातूला हात लावत नाही, फक्त तेलकट पदार्थ विरघळवतो; पण तो भडकन पेटतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी करा, गॅस बंद ठेवा आणि घरात निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली असताना मुळीच करू नका.

एवढे करूनही खोल अक्षरांत कुंकवाचा लाल कण राहिला, तर तो राहू द्या. टाचणीने, सुईने किंवा दात कोरायच्या काडीने तो उकरायचा मोह होईल, आणि लखीच्या खोल बाजूवर त्या एका ओरखड्याने जे नुकसान होईल ते कुंकवाने कधीच झाले नसते. हाताळणाऱ्याला कुंकू दिसले तरी तो भाव करतो. सुईची रेघ दिसली की तो नाणे खाली ठेवतो. ज्यांना हे काम स्वतः करायला धीर होत नाही त्यांनी नाणे आहे तसे विकावे. त्यात कमीपणा नाही, आणि अनेक जुने संग्राहक तेच पसंत करतात.

साठवणुकीचे थोडक्यात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणे ठेवू नका. ते पीव्हीसी असते, त्यातून बाहेर पडणारी द्रव्ये नाण्यावर चिकट हिरवट थर आणतात आणि तांबे असलेल्या धातूला खातात. २६ मिलिमीटरची कडक ॲक्रिलिक डबी नाणी विकणाऱ्यांकडे अगदी स्वस्तात मिळते. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि डांबरगोळ्या यांच्यापासून नाणे दूर ठेवा. डबी एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि तो डबा लाकडी कपाटापेक्षा लोखंडी कपाटात ठेवा, कारण लाकडातूनही आम्लयुक्त वाफा येत असतात. नाणे हातात घ्यायचे झाले तर कडेने, आणि खाली रुमाल अंथरून. फरशीवर पडलेले नाणे कडेला चेपते आणि ती चेप निघत नाही.

किमतीचे आता स्पष्टच सांगतो. ५ लाखांचा आकडा मनातून काढून टाका. व्हिडिओत किंवा जाहिरातीत दिसणारा आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते; तो कोणी दिला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या चलनातली लखी नाणी दुर्मिळ असली तरी बाजारात नियमित दिसतात, आणि एक रुपयाच्या चांगल्या लखीला माझ्या अंदाजाने काही शे ते काही हजार रुपये येतात. तुमच्या नाण्याचे उलटे चित्र पूर्ण आणि मध्यावर असेल, साल स्पष्ट असेल आणि झीज कमी असेल, तर ते या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे जाईल; बरीच वर्षे गल्ल्यात फिरून मग बाजूला काढले गेले असेल तर खालच्या. फीची पूर्ण सोय या एका नाण्यावर टाकू नका, हे कटू वाटले तरी आधी सांगितलेले बरे.

अंदाज अधिक घट्ट कसा करायचा तेही सांगतो. मुंबईतील तोडीवाला किंवा बंगळूरची मरुधर आर्ट्स यांच्यासारख्या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे निकाल इंटरनेटवर पाहता येतात. त्यांत एक रुपया, तांबे-निकेल, लखी अशा तीन-चार नोंदी शोधा आणि केवळ अंदाजित किंमत न पाहता प्रत्यक्ष मिळालेली किंमत टिपा. एखादी नोंद बाकीच्यांपेक्षा फारच वर असेल तर ती बाजूला ठेवा. दोन हट्टी संग्राहक एकाच दिवशी समोरासमोर आले की असे होते, आणि तो दिवस तुमच्या वाट्याला पुन्हा येईलच असे नाही. मग हे लक्षात घ्या की लिलावात घेणारा बोलीवर वरची आकारणी आणि कर भरतो, तर विकणाऱ्याच्या रकमेतून दलाली वजा होते, म्हणजे छापून आलेला आकडा तुमच्या हाती पडणारा नसतो. व्यापारी रोख देतो, पण त्याला दुकान चालवायचे असते आणि नाणे कदाचित वर्षभर पडून राहणार असते. त्याने विक्रीच्या भावाच्या निम्म्याच्या आसपास देऊ केले तर तो लुबाडतो आहे असे समजू नका. त्याहून बरेच खाली गेला तर मात्र ‘विचार करून सांगते’ म्हणून उठा. एनजीसी किंवा पीसीजीएसकडून दर्जा ठरवून घ्यावा का, असेही कोणी सुचवेल. शुल्क, दोन्हीकडचा टपालखर्च आणि विमा मिळून होणारा खर्च अशा नाण्याच्या किमतीलाच गिळतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत मी तो सल्ला देणार नाही.

दोन्ही दिरांचा वाटा आहे, म्हणून एक काळजी अवश्य घ्या. नाणे कोणाला दाखवण्याआधी खिडकीशी, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो काढून ते तिन्ही घरांना पाठवा. मग कमीत कमी तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचे भाव घ्या आणि तेही त्याच संभाषणात नोंदवा. पुण्यात भरणारे कॉइनेक्ससारखे प्रदर्शन यासाठी सोयीचे असते, कारण एकाच सभागृहात अनेक टेबलांवर विचारता येते आणि एकाने सांगितलेला भाव दुसऱ्याला सांगायचे बंधन नसते. नाणे ‘आत दाखवून आणतो’ म्हणून कोणी नेऊ लागला तर देऊ नका; तुमच्या डोळ्यांसमोर, कापडावर, कडेने धरूनच पाहू द्या. लिलावगृहाकडे सोपवायचे झाले तर पावतीवर नाण्याचे वर्णन, वजन, तुम्ही ठरवलेली किमान किंमत, दलालीचा दर आणि न विकल्यास परतीची अट लिहून घ्या. पावतीशिवाय डबी हातातून सोडू नका.

राहिला वेळेचा प्रश्न. लिलावगृहे नाणी बरीच आधी गोळा करतात, यादी छापतात, लिलाव करतात आणि घेणाऱ्याचे पैसे आल्यावर विकणाऱ्याला देतात. या सगळ्यात काही महिने सहज जातात, आणि एका साध्या लखीसाठी काही लिलावगृहे स्वतंत्र क्रमांक न देता ती इतर सदोष नाण्यांच्या गठ्ठ्यात घालतात, जिथे भाव हमखास पडतो. तुम्हाला रक्कम जूनपूर्वी हवी असेल तर सांगली-कोल्हापूर-पुण्यातल्या व्यापाऱ्यांकडे जाणेच सोयीचे. तीनपैकी सर्वांत वरचा भाव वर सांगितलेल्या हिशेबात बसत असेल तर तो घ्या, बिल घ्या आणि त्याच दिवशी तीन वाटे करा. तो बसत नसेल आणि फीची सोय दुसरीकडून होत असेल, तर नाणे डबीत राहू द्या आणि दिवाळीनंतरच्या लिलावांसाठी लिलावगृहाला आत्ताच फोटो पाठवून ठेवा.